बॅगेवरचं पिंप

माझ्या थोरलीला आणि धाकट्याला,

मागच्या रविवारी थोरलीचा फोन आला. "आजी, तुझं ते बिअरचं कार्ड आहे ना, त्याचा फोटो पाठव. मला फक्त रविवार मोकळा असतो आणि बाकी सगळे पाच-सहा तासांचं काहीतरी सांगतात." फोटो मी पाच मिनिटांत पाठवू शकले असते. कार्ड कुठे आहे ते मला ठाऊक आहे. माझ्या घरात वस्तू शोधाव्या लागत नाहीत. पण ते कार्ड मी का लिहिलं हे तुम्हा दोघांना कुणीच सांगितलेलं नाही. तेव्हा तुम्ही लहान होतात. आता तुम्ही कॅनडात एका लहानशा घरात राहता आणि स्वतःचे कपडे स्वतः धुता, तेव्हा सांगायला हरकत नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मी तीस वर्षं इंग्रजीतच सूचना लिहिल्या. पण या सूचना नाहीत. अडलात तर आईला विचारा.

सिंगापूरला मी सहा महिन्यांसाठी आले होते. तुमचे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं, धाकटा चार महिन्यांचा होता आणि तुमची आई पुन्हा बँकेत रुजू होणार होती. एक निळी, कडक पाठीची बॅग आणि एक खांद्यावरची पिशवी एवढंच माझं सामान. पुण्यातला फ्लॅट बंद केला, शेजारणीकडे किल्ली दिली आणि तिला सांगितलं की गणपतीपर्यंत परत येते. त्यानंतर चार गणपती मी बुकित पंजांगच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसवले.

मला कुणी कोंडलं नव्हतं. दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. पण सहा महिने झाले तेव्हा धाकट्याला पाळणाघरात ताप यायला लागला. तो थांबला तेव्हा थोरलीची शाळा बदलली. मग तुमच्या आईला बढती मिळाली, मग बाबांचं प्रोजेक्ट वाढलं. प्रत्येक वेळी आई म्हणायची, "एवढं होऊ दे गं, मग जा." प्रत्येक कारण खरं होतं. खोट्या कारणांशी मला भांडता आलं असतं.

बाबांचा सिंगापुरात राहायचा पास त्यांच्या नोकरीवर होता आणि माझा पास बाबांच्या पासवर. माझ्या पासची मुदत संपत आली की बाबा न विसरता वाढवून आणायचे आणि मोठ्या आनंदाने सांगायचे, "आई, झालं तुमचं काम." मी आभार मानायचे.

दुपारी दोन वाजता थोरलीला आणायला जाईपर्यंत मी खिडकीशी बसत असे. खालून एलआरटी जायची, दोन डब्यांची छोटी रेल्वे. आपल्या इमारतीशी आली की तिच्या काचा आपोआप पांढऱ्या व्हायच्या, आतल्या लोकांना आपल्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. इमारत मागे पडली की पुन्हा स्वच्छ. आतल्या माणसाचा चेहरा मला चार वर्षांत एकदाही दिसला नाही. कधी कधी मीही तिच्यात बसायचे. ती वर्तुळात फिरते. कुठेही न उतरता बसून राहिलं की पुन्हा आपल्याच स्टेशनवर आणून सोडते.

फ्रीजवर लावलेली माझी कार्डं तुम्हाला आठवत असतील. डब्याचं कार्ड, गणवेशाचं कार्ड, ताप आला तर काय करायचं त्याचं कार्ड, वॉशिंग मशीनचं कार्ड. तुम्ही त्याला आजीची शिस्त म्हणायचात. थोरली तर मैत्रिणींना सांगायची, "माय आजी लाइक दॅट लाह, एव्हरीथिंग मस्ट राइट." ती शिस्त नव्हती, तयारी होती. घर माझ्यावाचून चालेल एवढं सगळं लिहून झालं की मी बॅग काढणार होते. हे मी कुणाला बोलले नव्हते.

आता बिअरकडे येते.

बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी त्यांना वाढदिवसाला घरी बिअर करायचा संच दिला होता. झाकणाचं एक प्लास्टिकचं पिंप, एक वाकडी नळी, एक काचेची कांडी, यीस्टची पुडी आणि माल्टच्या अर्काचा डबा. तो खोका सात महिने कपाटावर पडून होता. दर शुक्रवारी बाबा त्याच्याकडे बघून म्हणायचे, "या शनिवारी नक्की." शनिवारी लॅपटॉप उघडायचा आणि दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या माणसाशी दुपारपर्यंत बोलणं चालायचं. एकदा मी पुसायला म्हणून खोका खाली काढला आणि आतला सूचनांचा कागद वाचला. मला तिथे छापील काही वाचायला फारसं मिळत नसे, म्हणून दोनदा वाचला.

कागद वाईट लिहिलेला होता. आमच्या प्रयोगशाळेत एक नियम होता: विद्यार्थ्याने प्रयोगाच्या मध्यात प्रश्न विचारला तर चूक सूचनांच्या कार्डाची. त्या हिशेबाने तो कागद नापास होता. मी बाबांना म्हटलं, "तुमची हरकत नसेल तर मी करून बघते."

बाबा घाबरले. "आई, तुम्ही? बिअर?"

"मी पिणार नाही. करीन."

तुमची आई सोफ्यावरून म्हणाली, "देवघराच्या बाजूला ठेवणार का आता ते पिंप? म्हणजे सकाळी उदबत्ती आणि संध्याकाळी बिअर, एकाच कोपऱ्यात."

देवघराच्या बाजूलाच ठेवलं, कारण तिथेच बॉम्ब शेल्टरचं दार होतं. तिथल्या फ्लॅटांना ती जाड भिंतींची, लोखंडी दाराची, बिनखिडकीची खोली असते, आणि सगळे लोक तिच्यात अडगळ ठेवतात. आपल्याकडे तिच्यात इस्त्रीचं टेबल, तांदळाची पोती, धाकट्याची जुनी बाबागाडी आणि माझी निळी बॅग होती. जमिनीवर जागा नव्हती. बॅग आडवी केली आणि तिच्यावर पिंप ठेवलं. बरोबर बसलं.

पहिल्या खेपेला माझी चूक झाली. कागदावर लिहिलं होतं की पिंप उबदार जागी ठेवा. मी आयुष्यभर दही लावलेलं. ऊब म्हटलं की माझे हात आपोआप गुंडाळायला लागतात. माझी तपकिरी शाल पुण्याहून आणलेली होती आणि सिंगापुरात एकदाही अंगावर घेतलेली नव्हती. ती पिंपाला गुंडाळली, वर सुतळी बांधली, आणि लोणच्याची सवय म्हणून दर दोन दिवसांनी झाकण उघडून आत स्वच्छ पळीने ढवळलं. तो कागद थंड देशातल्या माणसाने थंड देशातल्या माणसासाठी लिहिला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. खोलीत आधीच एकतीस अंश होते.

पंधरा दिवसांनी जे निघालं त्याला काळ्या पडलेल्या केळ्यांचा आणि नेलपॉलिशचा वास होता. बाबांनी जेवताना अर्धा ग्लास घेतला. मग म्हणाले, "आई, वेगळीच झालीय."

"वाईट झालीय."

"नाही, तसं नाही. वेगळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची भांडी धुवायला गेले तर सिंकला केळ्यांचा वास येत होता. दुपारी थोरलीच्या कंपासपेटीतून पट्टी घेतली, कोऱ्या कार्डावर रेघा आखल्या आणि वर 'हेतू' असं लिहिलं.

पुढच्या खेपेपासून सगळं उलटं केलं. दह्याऐवजी माठ डोळ्यासमोर ठेवला. बॅगेवर परात, परातीत पाणी, पाण्यात पिंप आणि पिंपाभोवती ओला टॉवेल. सिंगापूरच्या दमट हवेत टॉवेल वाळतच नाही, त्यामुळे दोनच अंश उतरले. मग परातीत सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी बर्फ झालेली पाण्याची बाटली ठेवायला लागले. तेवीसवर आलं. त्या खेपेची बिअर बाबांनी एका घोटानंतर खाली ठेवली नाही. मी चमचाभर चाखली, नोंदीपुरती. कडू होती. कार्डावर लिहिलं: कडू, स्वच्छ, केळी नाहीत.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा बोलले. "आता मला जाऊ द्या," असं म्हटलं.

मग तुमची आई हसली. "आणि या घराचं काय? यांना चहा करायचा असला तर साखर कुठेय विचारतात. यांनी तुला एक अक्षर न विचारता बिअरची एक खेप करून दाखवली ना, तर मी स्वतः तुझं तिकीट काढते."

ती थट्टा करत होती. मी तिला विचारलं, "नक्की?"

"नक्की," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "अहो, मला मध्ये कशाला घेता?" पण त्यांना घेतलं होतं.

माझं पहिलं कार्ड तेवीस पायऱ्यांचं होतं. आता मला त्याची लाज वाटते. मी खोलीचं दार लावून बसले आणि बाबा स्वयंपाकघरात गेले. पाच मिनिटांत हाक आली. "आई, हे निर्जंतुक म्हणजे किती वेळ?" मग, "आई, मोठं पातेलं कुठलं, पोह्यांचं का?" मग, "आई, ही काचेची कांडी तरंगतेय, हे बरोबर का?" नऊ हाका मोजल्या आणि बाहेर आले. प्रत्येक हाक म्हणजे कार्डातली एक चूक होती.

मग मी काढून टाकायला लागले. आधी ती तरंगणारी, साखर किती उरली ते दाखवणारी कांडी गेली. पंधरा दिवस हात न लावता थांबणाऱ्या माणसाला तिची गरज नसते. किलोभर साखर गेली. कागद म्हणत होता डबा, साखर आणि तेवीस लिटर पाणी. मी एक डबा, साखर नाही आणि बारा लिटर केलं. त्यामुळे पिंप एका माणसाला उचलता येऊ लागलं. कडूपणा वाढला, पण बाबा कारल्याच्या भाजीवर वाढलेले आहेत. तासभर गार होण्याची वाट बघणं गेलं: दोन लिटर पाणी उकळायचं, त्यात काकवीसारखा तो घट्ट अर्क विरघळवायचा आणि वरून आदल्या दिवशीपासून फ्रीजमध्ये ठेवलेलं नऊ लिटर ओतायचं. तापमान आपोआप पंचवीसच्या आसपास येतं. ढवळणं गेलं. काचेच्या बाटल्या आणि त्यांची बुचं ठोकायचं यंत्र गेलं. त्यांच्या जागी सोड्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि प्रत्येकीत साखरेचा एक चौकोनी खडा. बाटली दगडासारखी कडक लागली की फ्रीजमध्ये.

तेवीसच्या चौदा झाल्या. त्या खेपेला चार हाका आल्या. चौदाच्या नऊ झाल्या.

बाबांच्या तिसऱ्या खेपेला मी खोलीत बसून घड्याळ बघत होते. अर्धा तास झाला, हाक नाही. पळीचा आवाज येत होता, नळाचा येत होता. पन्नास मिनिटं झाली. झाकण दाबल्याचा आवाज आला आणि मी उठून उभी राहिले. तेवढ्यात हाक आली. "आई?"

मी गेले. पिंप तयार होतं, नळी बसवलेली होती. बाबा हात पुसत होते. "काय हवंय?"

"काही नाही," ते म्हणाले. "आहात का बघितलं."

तुमची आई दारातून म्हणाली, "हाक मारली. बाद." ती हसत होती, पण माझ्याकडे बघायचं तिने टाळलं.

त्या रात्रीच्या पोळ्या मी नेहमीसारख्या लाटल्या. मला राग आला नव्हता. बाबांचं ते वाक्य मी घेऊन बसले होते. त्यांची आई ते लहान असतानाच गेली, हे तुम्हाला माहीत आहे. मला माहीत होतं, पण चार वर्षांत मी त्याचा विचार केला नव्हता. हे घर मला सोडत नाही याचं कारण डबे आणि गणवेश आहेत असं मी धरून चालले होते, आणि त्यासाठी कार्डं लिहीत होते. 'आहात का बघितलं' याचं कार्ड कसं लिहायचं हे मला समजेना. दोन-तीन दिवस वाटलं, राहू द्यावं. पिंप बॅगेवर आहे, तिथेच असू द्यावं.

पण घर माझंही होतं, दुसरीकडे. त्याच्या खिडक्या चार वर्षं बंद होत्या.

नऊ ओळींच्या मी सात केल्या. चौथ्या खेपेच्या रविवारी बाबांना कार्ड दिलं, तुम्हा दोघांना घेतलं आणि घराबाहेर पडले. एलआरटीत बसलो. धाकट्याला खिडकी हवी होती. एक पूर्ण फेरी झाली, आपलं स्टेशन आलं, तो उठला. मी म्हटलं, "बस, अजून एक." थोरली म्हणाली, "आजी, वुई आर गोइंग नोव्हेअर." आपल्या इमारतीशी आलो तेव्हा काचा पांढऱ्या झाल्या. आत बाबा काय करत होते ते मला दिसणं शक्य नव्हतं. पर्समधला फोन मी हातात धरून ठेवला होता. तो वाजला नाही.

घरी आलो तेव्हा फरशी चिकट होती, गॅसभोवती मुंग्या लागल्या होत्या, आणि पोह्यांचं पातेलं सिंकमध्ये तसंच होतं. शेल्टरमध्ये बॅगेवर परात, परातीत पिंप, भोवती ओला टॉवेल. नळीतून अजून बुडबुडा येत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी येतो. बाबा म्हणाले, "पंचावन्न मिनिटं लागली. त्यात दहा मिनिटं मी फोनवर होतो."

"कुणाशी?"

"ऑफिस, आई. तुम्हाला नाही केला."

पंधरा दिवसांनी बाटल्याही त्यांनीच भरल्या. मी घरातच होते, दार लावून. हाक आली नाही. पहिली बाटली फ्रीजमधून निघाली तेव्हा बाबांनी ती आधी तुमच्या आईच्या पुढे ठेवली. तिने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"आई, आम्ही तुला त्रास दिला का?"

"नाही दिलात. म्हणून तर चार वर्षं लागली."

तिने शब्द पाळला. लॅपटॉप माझ्यासमोर आणून विचारलं, "परतीचं काढून ठेवते. नाही वापरलंस तर नको वापरूस."

"परतीचं असलं की मी परत येते. मला माहीत आहे. एकेरी काढ."

बॅग भरायला हवी होती, आणि तिच्यावर बाबांची नवी खेप होती. त्यांनी पिंप उचलून माझ्या खोलीतल्या स्टुलावर ठेवलं. बारा लिटरचंच होतं, एकट्याने उचललं.

थोरले, तू दारात उभी होतीस. तू विचारलंस, "हू विल डू माय प्लॅट?" फ्रीजवर एकोणीस कार्डं होती, आणि वेणीचं नव्हतं. विमानाच्या आदल्या दिवशी मी ते लिहायला बसले. तीन पेड घ्या, उजवा मधल्यावरून घ्या, असं लिहिलं आणि फाडलं. त्यात तू किती डोकं हलवतेस, तुझ्या कानामागचे केस सुटतात ते कसे आत घ्यायचे, घट्ट झालं की तू बोलत नाहीस पण खांदा वर करतेस, हे काहीच बसत नव्हतं. कोरं कार्ड मी तसंच ठेवून आले. मी गेल्यावर पुढच्याच महिन्यात तुझा फोटो आला. तू केस कापले होतेस. तुला छान दिसत होते. मी त्या दिवशी जेवले नाही, हे आज सांगते.

मी जाण्यात चूक केली असं मला वाटत नाही. त्याची किंमत तुझ्या केसांनी दिली, एवढंच लिहून ठेवते.

आता तुझं काम. कार्डाचा फोटो पाठवते, ते जसंच्या तसं वापर, फक्त पाचवी ओळ सोडून दे. ती परात, बर्फाची बाटली आणि ओला टॉवेल हे सगळं सिंगापूरसाठी होतं. तू राहतेस तिथे बाहेर बर्फ आहे. तुझं पिंप गार पडेल आणि यीस्ट झोपेल, म्हणून तू ते गुंडाळ. धाकट्याला झाकण उघडू देऊ नकोस. रविवारचा एक तास पुरेल, आणि पंधरा दिवसांनी आणखी एक. फोन करायची गरज पडणार नाही.

सिंगापूरचा फ्लॅट सुटला, पिंप घर बदलताना कुणाला तरी दिलं गेलं, फ्रीजवरची बाकी कार्डं कुठे गेली ते तुमच्या आईलाही माहीत नाही. माझ्याकडे सात ओळींचं कार्ड आहे, कोपऱ्यावर माल्टचा डाग पडलेलं. निळी बॅग माळ्यावर आहे, तिच्या झाकणावर परातीच्या बुडाचा गोल वळ आहे. तपकिरी शाल धुऊन, घडी घालून या पत्राबरोबर पाठवली आहे. तिला केळ्यांचा वास आता येत नाही.